झोपेसाठी ना-हरकत

न झोपणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल प्रभादेवीत दोन निदानं आणि एक उपचार सर्वमान्य आहेत. व्हायरस शिरलाय किंवा रॅम कमी पडतेय ही निदानं, आणि फॉरमॅट मारणे हा उपचार. गोखले रोडपासून सयानी रोडपर्यंत कुठल्याही इमारतीत पीसी बघायला आलेला माणूस खुर्चीला पाठ टेकण्याआधी "फॉरमॅट मारावा लागेल" असं जाहीर करतो, घरातले "फोटो जातील का हो?" असं विचारतात, फोटो पेनड्राइव्हवर काढले जातात, सगळं नव्यानं चढवलं जातं, आणि आठवड्याभरात कॉम्प्युटर पुन्हा रात्रभर टक्क जागा. यातून व्हायरस निर्दोष होता एवढं तरी सिद्ध व्हायला हरकत नाही. माझं म्हणणं त्याच्या एक पायरी पुढचं आहे. यंत्रही निर्दोष आहे. झोपणं ही त्याच्या एकट्याच्या अखत्यारीतली गोष्टच नाही. त्याला झोप लागते ती इतरांच्या परवानगीनं, आणि परवानगी अडवून बसलेल्यांत पहिला नंबर बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्याचाच असतो.

पूर्वी एवढी लोकशाही नव्हती. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं एपीएम नावाची व्यवस्था आणली, तिच्यात झोपेचा निर्णय मुख्यतः मदरबोर्डावरचा बायॉस घ्यायचा. इतकी मिनिटं कीबोर्ड हलला नाही? चला, दिवे बंद. कोणाचं पत्र अर्धवट आहे, कोणाचा हिशेब उघडा आहे, याची त्याला गंधवार्ता नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबानं मिळून एसीपीआय आणलं आणि हा कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेला. सिस्टिम सुशिक्षित, ती सगळ्यांना विचारून निर्णय घेते. सगळ्यांना विचारून निर्णय घ्यायचे म्हटल्यावर त्यांचं काय होतं, हे ज्यांच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होते त्यांना वेगळं सांगायला नको. विंडोज एक्सपीच्या जमान्यात तर मालकानं स्वतः हुकूम सोडला तरी एखादा फुटकळ प्रोग्रॅम हरकत घेऊन तो अडवू शकत असे. व्हिस्टानं २००७ मध्ये हा माज उतरवला: मालकानं स्पष्ट सांगितलं तर प्रोग्रॅमनं जेमतेम दोन सेकंदांत आवरतं घ्यायचं. पण कोणी हात लावत नाही म्हणून आपणहून झोपी जायची वेळ येते, तेव्हा हरकत आजही ग्राह्य धरली जाते, आणि एकाची पुरते. प्रभादेवीतली जुनी उपकरप्राप्त इमारत पाडून तिथे टॉवर उभा करायचा तर ५१ टक्के रहिवाशांची संमती चालते. त्याच इमारतीतल्या कॉम्प्युटरला डुलकी लागायला शंभर टक्के लागते.

या हरकतींची नोंदवही मागवता येते, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि टंकायचं: पॉवरसीएफजी, मध्ये जागा, तिरपी रेघ, रिक्वेस्ट्स. काळ्या पडद्यावर डिस्प्ले, सिस्टिम, अवेमोड, एक्झिक्युशन असे मथळे एकाखाली एक उमटतात. सगळ्यांखाली 'नन' आलं, म्हणजे कोणाची हरकत नाही. असं सहसा येत नाही. सिस्टिमच्या खाली साउंड कार्डाचा ड्रायव्हर सापडतो, त्याचं म्हणणं आवाजाचा प्रवाह सध्या वापरात आहे. ऐकणारं कोणी आहे का, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. कुठल्या तरी प्रोग्रॅमनं नळ उघडा ठेवलाय, पाणी येतंय की नाही ते तुम्ही बघा. डिस्प्लेखाली ब्राउझर असतो, त्याच्या नावापुढे 'व्हिडिओ वेक लॉक'. प्रभादेवीत हा व्हिडिओ कोणता, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. आजोबांनी सकाळी सिद्धिविनायकाचं लाइव्ह दर्शन उघडलेलं असतं, हात जोडून झालेले असतात आणि टॅब तसाच राहिलेला असतो. देऊळ चालत पाच मिनिटांवर, पण रांग दोन तासांची, म्हणून घरबसल्या दर्शन, हा युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त त्याची किंमत कॉम्प्युटर मोजतो. चार्टर्ड अकाउंटंटच्या छोट्या ऑफिसात वेगळी नोंद मिळते: दुसऱ्या कुठल्या मशीनकडून नुकतीच मागणी आली आहे, असं फाइल शेअरिंगवाला ड्रायव्हर कळवतो. म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा माणूस टॅली उघडी ठेवून विरारच्या गाडीत बसलेला आहे, आणि त्याच्या वतीनं या टेबलावरचा पीसी रात्रभर बैठक मोडू देत नाही. प्रिंटरच्या रांगेत कधीकाळी कागद अडकला म्हणून राहून गेलेलं एखादं वीजबिलही असं जागरण घडवून आणू शकतं. या यादीकडे नीट पाहावं. यात व्हायरस नाही, रॅम नाही. एकूण एक अर्जदार घरचे नाही तर ऑफिसातले.

यावर पहिला आक्षेप ताबडतोब येतो: एवढं कशाला, स्लीपचं बटण दाबा नि मोकळे व्हा. व्हिस्टापासून मालकाचा शब्द शेवटचा, हे वर मीच म्हटलंय. बटण दाबलं की कॉम्प्युटर झोपतो, यात वाद नाही. वाद पुढच्या मिनिटाचा आहे. झोपवणं आणि झोपू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तान्हं मूल असलेल्या कोणत्याही घराला माहीत असतं, फक्त कॉम्प्युटरच्या बाबतीत विसरायला होतं. माउसला यंत्र जागं करायचा परवाना असतो, आणि ऑप्टिकल माउसला टेबलाचा हादरासुद्धा हालचाल वाटू शकते. शेजारच्या प्लॉटवर टॉवरच्या पायासाठी खडक फोडणं चालू असेल, आणि प्रभादेवीत असा शेजारचा प्लॉट नसेल तर तो योगायोग समजावा, तर माउस इमानेइतबारे प्रत्येक दणक्याची खबर वर पोचवतो. नेटवर्क कार्डाचा प्रकार आणखी शास्त्रोक्त. लांबून कॉम्प्युटर उठवण्यासाठी एएमडीनं १९९५ मध्ये एक खास संदेश ठरवला: आधी ठरावीक सहा बाइट, आणि मागोमाग त्या यंत्राचा पत्ता ओळीनं सोळा वेळा. षोडशोपचारच म्हणायचे. पण कार्डाच्या सेटिंगमध्ये 'फक्त याच संदेशानं उठावं' ही खूण केलेली नसेल तर वायफायच्या डब्यावरून येणारी कुठलीही किरकोळ चौकशी त्याला पुरते, एकही उपचार न करता ते उठून बसतं. राहिलं टायमरचं. विंडोजच्या 'ऑटोमॅटिक मेंटेनन्स'ची न बदललेली वेळ रात्री दोनची असते. सगळी प्रभादेवी गाढ झोपलेली पाहून साफसफाई काढायची, हा हिशेब ज्यानं केला त्याच्या बेडरूममध्ये कॉम्प्युटर नसणार.

कोणी उठवलं याची चौकशीही करता येते. पॉवरसीएफजीला 'लास्टवेक' विचारायचं. उत्तर बऱ्याचदा असं येतं की जाग आणणाऱ्यांची संख्या शून्य. पोलीस चौकीतल्या पंचनाम्यालाही लाजवेल असं हे उत्तर आहे: यंत्र जागं आहे, पंखा फिरतोय, पडद्याचा उजेड भिंतीवर पडलाय, आणि उठवणारं कोणी नाही. मुचकुंद राजाची व्यवस्था यापेक्षा कितीतरी पक्की होती. देवांसाठी लढून दमल्यावर त्यानं झोप मागितली आणि वर असा मिळवला की जो उठवील तो दृष्टीस पडताच भस्म. कालयवनानं गुहेत शिरून लाथ घातली आणि हिशेब जागच्या जागी मिटला. कृष्ण आडोशाला उभा राहून नुसता बघत होता. आपल्याला मात्र डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउस शोधून, त्याच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर जाऊन, 'या उपकरणाला कॉम्प्युटर उठवू द्यावा' या अर्थाच्या ओळीपुढची बरोबरची खूण काढावी लागते. भस्म कोणी होत नाही, आणि पुढच्या ड्रायव्हर अपडेटनंतर खूण परतही येऊ शकते.

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे आणि तो प्रभादेवीकरांना फार आवडतो. मुंबईच झोपत नाही, तर मुंबईतला कॉम्प्युटर कसा झोपेल? हे वाक्य ज्यानं प्रथम उच्चारलं तो बहुधा रात्री एक ते चार या वेळात लोकल पकडायला गेला नसावा. चर्चगेटहून शेवटची गाडी एकच्या सुमारास सुटते, पहिली चारच्या आसपास. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ साली प्रभादेवी झालेलं स्टेशन त्या मधल्या तीन तासांत इतर कुठल्याही स्टेशनासारखं निपचित पडलेलं असतं. या भागाला तर झोपेचा इतिहास आहे. गिरण्या तीन पाळ्यांत चालत होत्या तेव्हा एकेका गाळ्यात कोकण-घाटावरून आलेले डझनभर एकटे कामगार राहत, आणि रातपाळीचा माणूस आला की दिवसपाळीवाल्यानं सोडलेल्या जागेवर वळकटी पसरत असे. भोंगा उठवायचाही आणि, दुसऱ्या पाळीच्या हिशेबानं, झोपवायचाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, ज्युपिटर मिलच्या जागी काचेचे मनोरे आले आणि त्यांत परदेशी घड्याळाप्रमाणे काम करणाऱ्या रातपाळ्याही आल्या. पण तिथल्या माणसालाही शिफ्ट संपली की घरी जाता येतं. म्हणजे शहर झोपतं, पाळीपाळीनं झोपतं. कॉम्प्युटरची तक्रार नेमकी हीच आहे की त्याला पाळीच नाही. दिवसपाळी आपण करून घेतो, दुसरी मुलांच्या गेमला जाते, आणि तिसरीला अपडेट, बॅकअप आणि आजोबांचा टॅब.

खरं तर या बाबतीत मुंबईचा दोष असलाच तर तो वेगळाच आहे, आणि तो गुण म्हणून मिरवला जातो. उर्वरित महाराष्ट्रात वर्षानुवर्षं कॉम्प्युटर झोपवायचं काम महावितरणनं एकहाती केलं. भारनियमन असताना ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसे. तिथे आवाजाचा प्रवाह, प्रिंटरची रांग, विंडोजची साफसफाई, कोणाचीही हरकत टिकली नाही. मुंबईचं तसं नाही. बाहेरचं जाळं कोसळलं तरी शहर त्यापासून तुटून स्वतःच्या विजेवर चालू राहावं, अशी आयलंडिंगची योजना इथे १९८१ पासून आहे. प्रभादेवीला वीज देणारी बेस्ट, आणि तिचा ग्राहक वीज गेली तर आधी फ्यूज बघतो, कारण 'वरून' वीज जाते ही कल्पना त्याच्या डोक्यात शिरत नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी ती योजनाही फसली आणि सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई अंधारली, तेव्हा शहरातले किती तरी डेस्कटॉप बऱ्याच काळानं पहिल्यांदा पुरते बंद झाले असतील. लोकांनी त्याला ग्रिड फेल्युअर म्हटलं. कॉम्प्युटरला विचारायला कोणी गेलं नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा, म्हणून तो गंभीरपणे घेतला पाहिजे. जागा राहिला तर राहू दे, खातो किती? साधा डेस्कटॉप पडद्यासकट, काही काम नसताना, साधारण साठ-सत्तर वॅट घेतो. झोपला तर एक-दोन. रात्रीच्या आठ तासांचा अर्धा युनिट, महिन्याचे पंधरा. जुना छतपंखा रात्रभर फिरला तरी एवढीच वीज लागते, आणि पंखा रात्रभर का फिरतो असं कोणी विचारत नाही. हिशेब बरोबर आहे, मी त्याला हात लावत नाही. पण तो चार खोल्यांच्या फ्लॅटमधला हिशेब आहे. इथल्या जुन्या चाळींतल्या खोल्यांचं क्षेत्रफळ काढून बघावं. जवळच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. कॉम्प्युटर ठेवायला वेगळी जागा हा प्रकार तिथे नसतो. टेबलाखाली एक झोपलेला, टेबलासमोर दोघं, आणि वर मॉनिटर, जो दर पाऊण तासानं कसलीशी सूचना दाखवायला उजळतो. सूचना अशी असते की तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे. पंख्यानं निदान वारा तरी येतो.

मग दुरुस्ती काय? बळजबरी करता येते. पॉवरसीएफजीलाच 'रिक्वेस्ट्सओव्हरराइड' सांगून अमुक ड्रायव्हरची, तमुक प्रोग्रॅमची हरकत यापुढे विचारात घेऊ नये, अशी ताकीद देता येते. साउंड कार्डाच्या बाबतीत मी ती बेलाशक द्यावी म्हणेन. त्याच्या हरकतीत कधी दम नसतो. बाकीच्यांना सरसकट गप्प करण्यात मात्र धोका आहे, आणि म्हणूनच ही सोय ठेवणाऱ्यांनी ती कमांड प्रॉम्प्टच्या काळोखात ठेवली असावी. लग्नाचं साडेतीन तासांचं शूटिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरत असताना यंत्र झोपलं तर सकाळी सप्तपदी पाचव्या पावलावर थांबलेली सापडेल. रास्त हरकत कोणती आणि निव्वळ विसरभोळेपणा कोणता, हे यंत्राला कळत नाही. ते ठरवायला माणूस लागतो, आणि माणसाला ठरवायचं म्हणजे कोणाला तरी नाही म्हणावं लागतं. सिद्धिविनायकाच्या देवळात, जिथे १९ नोव्हेंबर १८०१ पासून गणपती बसलेला आहे, ही गोष्ट रोज रात्री विनातक्रार पार पडते. दहाच्या सुमारास शेजारती होते आणि दार लागतं. त्याआधी रांग बंद झालेली असते, हा त्यातला कळीचा भाग. शेवटी आलेल्या भक्ताची निकड खरी नसते असं नाही. तो नालासोपाऱ्याहून आलेला असतो, उद्या मुलाची मुलाखत असते. त्याला उद्या या म्हणतात. आजोबांच्या टॅबला 'आजोबा, उद्या' म्हणणारं घरात कोणी नसतं, सुनेनं म्हणावं तर त्याचे अर्थ निघतात, म्हणून मग सगळे मिळून कॉम्प्युटरला बिघडलेला ठरवतात.

नव्या लॅपटॉपवाल्यांनी इथे गालात हसू नये. त्यांचं दुखणं जास्त गहिरं आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, झोपेचा एक नवा प्रकार आला, हल्ली त्याला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. पडदा काळा, झाकण बंद, पण आत मेल येतायत, अपडेट उतरतायत, नेट चालू. पुष्कळ लॅपटॉपांत जुनी, खरी झोप कंपनीनंच काढून टाकलेली असते, त्यामुळे सेटिंगमध्ये शोधूनही ती सापडत नाही. झाकण मिटून पिशवीत घातलेला लॅपटॉप स्टेशनला पोचेपर्यंत इस्त्रीसारखा तापतो तो याच्यामुळे. आपल्याकडे याला पूर्वपरंपरा नाही असं समजू नये. आषाढी एकादशी ही देवशयनी. त्या दिवसापासून कार्तिकीपर्यंत भगवान विष्णू झोपलेले असतात, असं पंचांग सांगतं. आणि नेमक्या त्याच आषाढीच्या आधी पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, कारण वारीच्या गर्दीत चोवीस तास दर्शन द्यायचं असतं. शेजारती बंद, पाठीशी टेकायला मऊ लोड, आणि देव उभा. कागदोपत्री शयन, प्रत्यक्षात अखंड सेवा. फरक एवढाच की वारी उलगल्यावर पंढरपुरात प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा काढतात, पलंग परत येतो. लॅपटॉपच्या कंपनीनं पलंग काढला तो काढलाच.

अशा यंत्राला एकच रस्ता उरतो, हायबरनेट. यात मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून ठेवतात आणि वीज तोडतात. हरकत घ्यायला मागे कोणी जागंच राहत नाही. हा पर्याय नव्या विंडोजच्या मेन्यूत सहसा दिसत नाही, कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर बटणांच्या पानावर जाऊन त्याच्यापुढे खूण करावी लागते. ती करावी, झाकणाला तोच आदेश द्यावा, आणि यंत्र खरोखर झोपतं. सकाळी घरातून पहिली तक्रार येते की डाउनलोड अर्धवट राहिलं, दुसरी येते की काकडआरती चुकली, आणि जिथे घरातच ऑफिस आहे तिथे तिसरी, की विरारहून टॅली उघडत नाही. दुपारपर्यंत घरातलं कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन झोपेच्या वेळेचा रकाना उघडतं. त्यात एका मिनिटापासून पाच तासांपर्यंत सगळ्या वेळा ओळीनं दिलेल्या असतात. त्या सगळ्या मागे टाकून बोट तळाशी जातं आणि तिथला 'नेव्हर' दाबतं.